लिंबाजीची घोडी लंगडत नाही

मोरदरी नावाच्या गावात लिंबाजी नावाचा एक भोळा मोतद्दार होता. मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस. भोळा म्हणजे काय ते पुढे कळेलच, मी कशाला सांगू.

लिंबाजीकडे शेवंती नावाची पांढरी घोडी होती. म्हणजे घोडी हैबतराव पाटलांची होती, पण ती ओळखायची लिंबाजीला. पाटलांना ती फक्त वजनावरून ओळखायची. पाटील चांगले सव्वाशे किलोंचे होते. ते पाठीवर बसले की शेवंती लांब सुस्कारा टाकायची, आणि पाटील कौतुकाने म्हणायचे, "बघा, मालक बसला की कशी खूश होते!"

गावचा खंडोबा डोंगरावर आहे. चंपाषष्ठीला देवाचा चांदीचा मुखवटा घोडीवर बसून खालच्या देवळातून वरच्या देवळात जातो. माणसं पायऱ्यांनी चढतात आणि भंडारा घेऊन वर वाट बघत उभी राहतात. घोडी जाते डोंगराच्या मागून, घोडवाटेने. त्या वाटेला गर्दी चालत नाही. पुढे मोरदरीची घोडी आणि तिचा मोतद्दार, शंभर पावलं मागे पिंपळसोंड गावचा घोडा आणि त्याचा मोतद्दार, बस्स. मागचा घोडा रिकामाच चालतो. तो कशाला? तर पुढची घोडी लंगडली, की देव मागच्या घोड्यावर बसवायचा. देव ज्या गावच्या पाठीवरून वर पोचला त्या गावाचा मान, आणि मान एकदा फिरला की बारा वर्षं फिरला. अशी जुनी रीत. पिंपळसोंडचे लोक चार पिढ्या मोरदरीच्या घोडीच्या पायांकडे बघायला डोंगर चढत होते. इतक्या भक्तिभावाने त्यांनी देवाकडे तरी बघितलं होतं की नाही, कोण जाणे.

मागच्या वर्षी वरच्या देवळाच्या अंगणात शिरताना शेवंती जराशी लचकली. मोरदरीकरांनी लगेच ढोल दुप्पट जोरात बडवले. ढोल बडवून लंगडणं कसं लपतं ते मला विचारू नका, पण लपलं खरं. यंदा ते लपेलच असं नव्हतं.

कार्तिक लागला आणि पाटलांना घोडीवर प्रेम आलं. ते दरवर्षी कार्तिकात येतं आणि चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी जातं. मधले दहा-अकरा महिने शेवंती पाटलांना घेऊन शिवार हिंडते, येताना वर कडब्याच्या पेंढ्या आणते, आणि नाल झिजून पत्रा झाले तरी त्याच नालांवर चालते. तेव्हा तिचे पाय कुणाला आठवत नाहीत. पाय आठवायचे ते मान जाईल या भीतीने, असा आपल्याकडे शिरस्ताच आहे.

पाटलांनी लिंबाजीला समोर उभं केलं.

"लिंब्या, यंदा घोडी लंगडता कामा नये. लंगडली तर तिला वीटभट्टीवर धाडीन. विटा वाहील मरेस्तोवर."

लिंबाजीने वीटभट्टीवरची घोडी बघितलेली होती. पाठीवर तळहाताएवढे घाव, घावांवर माश्या आणि माश्यांवर विटा. शेवंती तिथे गेली तर आपण जगून काय करायचं, असं त्याला खरोखर वाटलं.

"न्हाई लंगडायची, मालक. पन मी काय करू?"

"दर गुरुवारी दस्तगीरचाचा नालबंद येतील. ते सांगतील तसं कर. अक्षर न् अक्षर. स्वतःचं डोकं चालवू नको."

हे शेवटचं पाटलांनी उगाच सांगितलं. लिंबाजीला ती सवय नव्हती.

पहिल्या गुरुवारी दस्तगीरचाचा आले. वाळलेले, कमरेत वाकलेले, साठ वर्षं घोड्यांचे खूर मांडीवर घेऊन बसलेले गृहस्थ. त्यांनी शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवला तशी ती आखडली. खोगिराखाली पाठ सोलवटली होती. डाव्या पुढच्या पायाचा खूर वाढून चिरायला लागला होता. चाचांनी पाटलांकडे बघितलं. पाटलांनी आभाळाकडे बघितलं.

"पंधरा दिवस खोगीर न्हाई, स्वार न्हाई," चाचा म्हणाले. "नाल मी नवे ठोकतो. आन् लिंबाजी, एक गोष्ट ध्यानात ठेव. उन्हातनं तापून, घामाघूम होऊन आली, की लगेच पानी पाजायचं न्हाई. दावं धरायचं, सावकाश फिरवायचं. घाम सुकला, धाप थांबली, की मगच पानी."

"घाम सुकला की पानी," लिंबाजीने घोकलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दौलतआण्णा आले. हे दोन्ही गावांचे पंच. चंपाषष्ठीआधी घोडी बघायची आणि ती देव न्यायला लायक आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन मैल उन्हातून चालत आले होते. पायात नव्या करकरीत वहाणा होत्या. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. पाटील शेतात गेले होते. अंगणात एकटा लिंबाजी होता.

"पाणी दे रे बाबा आधी," दौलतआण्णा म्हणाले.

लिंबाजीने त्यांच्याकडे नीट बघितलं. घाम होता. धाप होती. अंगही तापलं असणार. त्याने त्यांच्या गळ्यातल्या उपरण्याची दोन्ही टोकं धरली आणि चालायला लागला.

"अरे, कुठं नेतोस?"

"सावकाश, आण्णा. सावकाश."

त्याने दौलतआण्णांना अंगणाभोवती फिरवलं. एक फेरी झाली, दहा झाल्या, वीस झाल्या. फिरतील तसा घाम वाढायला लागला. घाम वाढेल तसा लिंबाजी काळजीत पडायला लागला.

"तुमचा घाम काय सुकंना वो आण्णा. लई तापलाय तुम्ही. अजून धा घेऊ."

तासाभराने पाटील परतले. तेव्हा दौलतआण्णांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसती जीभ बाहेर येत होती. दोन्ही टाचांना फोड आले होते. पाटलांनी स्वतःच्या हाताने त्यांना पाणी पाजलं आणि बैलगाडीत घालून घरी पोचवलं. घोडी बघायची राहूनच गेली.

"अरे गाढवा, ते घोडीसाठी हुतं!" पाटील कडाडले. "माणूस दारात आला की त्याला सावलीत बसवायचं. गूळपाणी द्यायचं. काय हवं-नको विचारायचं आणि जे मागेल ते पुढ्यात ठेवायचं!"

"कुनी बी आला तरी?"

"कुणीही आला तरी!"

"कुनी बी आला तरी गूळपानी," लिंबाजीने घोकलं.

चार दिवसांनी सुदाम आला. सुदाम म्हणजे पिंपळसोंडच्या घोड्याचा मोतद्दार. शेवंती लंगडते अशी कुणकुण त्याच्या गावाला होती, म्हणून गावाने त्याला टेहळणीला पाठवलं होतं. येताना त्याने शेळी हरवल्याची गोष्ट पाठ करून आणली होती. ती बिचाऱ्याला फारशी वापरायलाच मिळाली नाही.

"माझी शेळी हरवलीय," सुदाम इकडेतिकडे बघत म्हणाला.

लिंबाजीने त्याला सावलीत घोंगडीवर बसवलं. गुळाचा मोठा खडा आणि गार पाणी दिलं.

"शेळी न्हाई आली हितं. दुसरं काय हवं-नको?"

सुदाम चाचरला. "घोडीचा पाय... बघाया मिळंल का?"

"कंचा? लंगडतो त्यो?"

"व्हय. त्योच."

लिंबाजीने शेवंतीला त्याच्या पुढ्यात आणून उभं केलं. डावा पाय उचलून धरला. चीर कुठून कुठे गेली आहे ते बोटाने दाखवलं. पाठीवरची सोलवट त्याने मागितली नव्हती, तीही दाखवली, आणि निघताना आणखी एक गुळाचा खडा हातावर ठेवला. सुदामचा असा पाहुणचार त्याच्या सासुरवाडीलाही झालेला नव्हता. तो गोंधळून घरी गेला. संध्याकाळी पिंपळसोंडमध्ये पेढे वाटले.

पेढ्यांची बातमी पाटलांपर्यंत यायला वेळ लागला नाही.

"पाय दाखवलास?" पाटील ओरडले. "वैऱ्याला पाय दाखवलास? आता नीट ऐक. परगावचा माणूस अंगणात शिरला रे शिरला, की घोडीचे पाय झाकायचे! दिसता कामा नयेत!"

"चारी?"

"चारी!"

गुरुवारी दस्तगीरचाचा औषधाची थैली घेऊन अंगणात शिरले आणि थांबले. शेवंती खुंट्याला उभी होती. तिच्या चारही पायांना गुडघ्यापर्यंत पाटलीणबाईंचं नवं हिरवं नऊवारी लुगडं गुंडाळलेलं होतं. जरीचा काठ बाहेरून दिसेल असं, व्यवस्थित.

"हे काय? सोड ते. खूर बघू दे."

"न्हाई चाचा. तुम्ही परगावचं."

"अरे, मी दवा कराया आलोय!"

"त्ये खरं हाय. पन परगावचं."

चाचांनी अर्धा तास समजावलं. लिंबाजी त्यांना हात जोडत होता, गूळपाणी देत होता, पण पाय दाखवत नव्हता. शेवटी पाटलीणबाई लग्नाला जायला म्हणून लुगडं शोधत बाहेर आल्या आणि त्यांना ते सापडलं. शेवंतीला हिरवा रंग शोभत होता हे मात्र खरं. पाटलीणबाईंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या जरा जास्तच ओरडल्या.

लुगडं सुटल्यावर चाचांनी लेप लावला आणि लिंबाजीला जवळ बसवलं. ते रागावले नाहीत. रागावून उपयोग होत नाही हे त्यांना घोड्यांनी शिकवलं होतं.

"बेटा, दुखनं दवा करणाऱ्यापासून झाकतात व्हय? रोज सकाळी पाय उचलायचा. आपल्या दोन गुडघ्यांत गच्च धरायचा. आकड्याने तळ खरवडायचा, खडा-काटा असंल तर काढायचा. चालताना लचकलं की आधी पाय उचलायचा, बोलनं मागनं. ओढाताण झाली तरी सोडायचा न्हाई. मानेवर थाप मारायची आन् म्हनायचं, हो हो बेटी, झालं हं बेटी."

लिंबाजीने हे मन लावून केलं. रोज सकाळी शेवंतीचा पाय उचलायचा, खूर खरवडायचा, लेप लावायचा, मानेवर थाप मारायची. सांगितलेली गोष्ट सांगितलेल्याच जनावराला केली, असा त्याच्या आयुष्यातला हा पहिला योग. पाठ भरून आली. खुराची चीर बुजत आली. पंधरा दिवसांत शेवंती अशी सरळ पाय टाकायला लागली की बघून लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी यायचं. वीटभट्टी लांब गेली असं त्याला वाटलं.

चंपाषष्ठीला आठ दिवस राहिले. दौलतआण्णांना पुन्हा यावं लागलं. घोडी बघितल्याशिवाय पंचांचा शब्द देता येत नाही, नाहीतर ते आले नसते. टाचेचे फोड अजून बरे झाले नव्हते, त्यात येताना पायात काहीतरी रुतलं होतं. ते अंगणात शिरले ते लंगडतच.

लिंबाजीने लांबूनच पाहिलं. उजवा पाय लचकत होता.

आधी पाय, बोलणं मागनं. तो पाठमोरा होऊन त्यांच्याजवळ गेला, खाली वाकला, त्यांची वहाण काढली आणि उजवा पाय मागे वळवून स्वतःच्या दोन गुडघ्यांत गच्च धरला. दौलतआण्णा एका पायावर उरले. तोल जायला लागला तसे त्यांनी शेवंतीच्या गळ्याला मिठी मारली. घोडी शहाणी, ती हलली नाही.

"सोड! अरे सोड! पाटील! धावा!"

"हो हो बेटी," लिंबाजी म्हणाला आणि त्यांच्या मानेवर थाप मारली.

"मी पंच आहे रे!"

"झालं हं बेटी. आता झालं." आणि त्याने आकड्याने टाच खरवडली.

आरडाओरडा ऐकून पाटील धावत आले, तेव्हा दौलतआण्णा लिदीत बसलेले होते आणि लिंबाजी दोन बोटांत बाभळीचा लांबलचक काटा धरून उभा होता.

"निघाला वो मालक! आता न्हाई लंगडायचे आण्णा!"

दौलतआण्णा उठले. "घोडी उत्तम आहे," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "लायक आहे. मी बघितली. आता मला जाऊ द्या." आणि ते गेले. जाताना ते अजिबात लंगडत नव्हते, पण हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला कबूल केलं नाही.

घोडी पास झाली म्हणून पाटलांनी मार आवरता घेतला. "इथनं पुढं दुसऱ्या कुणाच्या अंगाला हात लावशील तर याद राख. घोडी आणि मी. बाकी कुणी नाही."

"घोडी आन् तुम्ही," लिंबाजीने घोकलं.

चंपाषष्ठी उजाडली. सकाळी दस्तगीरचाचा स्वतः खोगीर चढवायला आले. लिंबाजीने उत्साहाने तंग आवळला, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. शेवंतीने कान मागे पाडले.

"सैल कर," चाचा म्हणाले. "किती आवळतोस? पट्टा आन् पोट यांच्यात दोन बोटं सरकली पायजेत. आत जीव हाय, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची."

"दोन बोटं," लिंबाजीने घोकलं.

तेवढ्यात आतून पाटलांची हाक आली. पाटील जरीचा फेटा बांधून, धोतर नेसून उभे होते. पोटामुळे कमरपट्ट्यापर्यंत त्यांचा स्वतःचा हात पोचत नसे.

"लिंब्या, पट्टा बांध. आवळून."

लिंबाजीने पट्टा बांधला आणि दोन बोटं आत सरकवून बघितली. मग पोटाकडे बघितलं. केवढा मोठा जीव आत. त्याला दया आली आणि त्याने चार बोटं ठेवली.

खालच्या देवळासमोर सगळा गाव जमला होता. वाघ्या-मुरळी आले होते, हलगी वाजत होती. पुजाऱ्यांनी मुखवटा पिवळ्या शेल्यात बांधून खोगिरावर बसवला. पाटील पुढे झाले. पहिला गजर त्यांचा. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे उंच केले आणि छाती भरून आरोळी दिली, "येळकोट येळकोट!"

धोतर खाली आलं.

"जय मल्हार!" लोक सवयीने म्हणाले. मग बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले, आणि पदराच्या कडेने काय दिसतं ते बघितलं.

पाटलांनी एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने लिंबाजीची गचांडी धरली. "आजपासून मला हात लावायचा नाही! तुला कळतंय ना? तुला एकच काम. घोडी लंगडता कामा नये! बाकी जगाचं काही का होईना!"

"व्हय मालक," लिंबाजी म्हणाला.

पाटील पायऱ्यांच्या वाटेने निघाले. पाठोपाठ गाव निघाला. घोडवाटेच्या तोंडाशी लिंबाजी, शेवंती आणि दस्तगीरचाचा एवढेच राहिले. शंभर पावलं मागे सुदाम त्याच्या सुलतान घोड्याचा लगाम धरून उभा होता. सुलतानचा तंग करकचून आवळलेला होता, आणि तो सकाळपासून एक पाय उचलून उचलून टाकत होता. सुदामचा चेहरा पडला होता. पुढची घोडी धडधाकट आणि आपलाच लंगडा, तर कुणाच्या पायाकडे बघायचं, असा त्याला प्रश्न पडला होता.

चाचांनी शेवंतीच्या मानेवर हात फिरवला. उद्यापासून पाटील पुन्हा हिच्यावर बसणार हे त्यांना माहीत होतं.

"लिंबाजी, मी आता पुन्हा कवा येईन, अल्ला जाने. एवढं शेवटचं ऐक. चढ लागला की स्वाराला खाली उतरवायचं. घोडी रिकामी न्यायची. स्वार येईल आपला मागनं."

"आन् त्यो मोठा मानूस असला तर?"

"असू दे."

"मालकाएवढा?"

"मालकाहून मोठा असला तरी उतरव. घोडीच्या पायाला हुद्दा कळत न्हाई, बेटा. वजन कळतं."

लिंबाजीने हे तीनदा घोकलं.

वरच्या देवळासमोर दोन्ही गावं दाटीवाटीने उभी होती. पाटलांचा कमरपट्टा आता पाटलीणबाईंनी कासऱ्याने बांधला होता. दौलतआण्णा पंच म्हणून मधे उभे होते, पण लिंबाजी ज्या बाजूने येणार त्या बाजूला त्यांनी चार दांडगे गडी उभे केले होते. पिंपळसोंडचे लोक टाचा उंचावून वळणाकडे बघत होते. पाटलांच्या मुठीत भंडारा घामाने भिजून चिकट झाला होता.

वळणावरून शेवंती आली.

काय आली हो! मान वर, कान पुढे, चारही नाल दगडावर एका ठेक्यात वाजत होते. धाप नाही, घाम नाही, लंगडण्याचं तर नाव नाही. पिंपळसोंडकरांच्या टाचा खाली आल्या. मोरदरीकरांनी भंडारा उधळला तो इतका, की घोडी, खोगीर, लिंबाजी सगळं एकाच पिवळ्या ढगात गेलं.

"घोडी ठणठणीत!" दौलतआण्णा चार गड्यांच्या मागून ओरडले. "एक पाऊल चुकत नाही!"

पाटलांना हुंदका फुटला. त्यांनी शेवंतीच्या गळ्यात हात टाकले, जन्मात पहिल्यांदा. "ही घोडी कुठं जायची नाही! मरेपर्यंत माझ्या दारात उभी राहील! खंडोबाची आण घेऊन सांगतो!"

लिंबाजीने हे ऐकलं. वीटभट्टी संपली. तो शेवंतीच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

भंडारा खाली बसला. पुजारी ताट घेऊन देव उतरवायला पुढे आले. त्यांनी खोगिरावरून हात फिरवला. मग पलीकडून फिरवला. मग घोडीच्या पोटाखाली वाकून बघितलं.

"पाटील," ते हळूच म्हणाले, "देव?"

पाटलांनी लिंबाजीकडे बघितलं. "लिंब्या, देव कुठाय?"

"खाली हाय की, मालक."

"खाली कुठं?"

"चढ लागतो तिथं. बोरीच्या सावलीला बसवलं. चढाला स्वार उतरवायचा, चाचांनी सांगितलंय. केवढा बी मोठा असू दे."

"अरे, आणि मग तो वर कसा येणार?"

"मागनं. चालत."

"मुखवटा चालत कसा येईल रे!"

"ते माझ्या बी ध्यानात आलं मालक," लिंबाजी डोळे पुसत म्हणाला. "पाय न्हाईत त्यास्नी. म्हनून तर एकटं न्हाई सोडलं. सुदाम मागनंच येत हुता. त्याच्या हातात दिला."

पाटलांनी जवळच्या खांबाला धरलं. मग एकदम त्यांचे डोळे चमकले.

"सुलतान लंगडा आहे! सकाळी मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय! तो चढ चढायचाच नाही! पळा रे, पळा, घेऊन या देव!"

दहा-बारा गडी धोतरं खोचून निघाले.

"कशाला पळता?" लिंबाजी म्हणाला. "लंगडत हुता खरा. खडा हुता खुरात, म्या काढला. तंग बी लई आवळला हुता, त्यो सैल केला. दोन बोटं. सुदामला म्हनलं, चढाला देव बसवू नगं, घोड्याला तरास हुतो. पन त्यो कुठला ऐकतोय. कशी मानसं असत्यात बघा."

वळणावरून येळकोटाचा गजर आला. एकाच माणसाचा आवाज होता, पण असा बेभान की सगळ्या डोंगराने ऐकला. मागोमाग सुलतान आला, ताठ पाय टाकत. त्याच्या पाठीवर पिवळ्या शेल्यात देव, आणि लगाम धरलेला सुदाम. सुदामला हसावं की रडावं ते कळत नव्हतं, म्हणून तो दोन्ही करत होता.

चार पिढ्या ज्याची वाट बघितली ते असं समोर आल्यावर काय करायचं असतं, हे पिंपळसोंडकरांना कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. मग त्यांचे ढोल वाजायला लागले.

दौलतआण्णांनी हात वर केला. "रीत ती रीत. देव पिंपळसोंडच्या पाठीवरून पोचला. मान बारा वर्षं पिंपळसोंडचा." एवढं बोलून त्यांनी उजवी टाच दगडावर घासली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान दिसलं.

पाटील मटकन खाली बसले. कासरा तुटला, पण आता त्यांना त्याचं काही नव्हतं. "बारा वर्षं," ते पुटपुटत होते. "बारा वर्षं..." त्यांच्या गालांवरून भंडाऱ्याचे पिवळे ओघळ वाहत होते.

लिंबाजीला ते बघवेना. मालकाचं मन इतकं हळवं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला. हात लावायचा नाही असं सांगितलेलं होतं, म्हणून त्याने हात लावला नाही. नुसतं वाकून त्यांच्या कानाशी मायेने म्हणाला,

"मला बी असंच रडू आलं बघा, मालक. बारा वर्षं! बारा वर्षं आपली शेवंती ह्यो चढ रिकामीच चढायची!"